बटणाचा दोरा

इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं तेव्हा मी एकटाच होतो. जवळजवळ वर्षभर खोलून ठेवलेलं इंजिन मी माझ्या हातांनी पुन्हा जोडलं होतं. केबिनमधून खाली उडी मारली आणि मोठ्याने म्हणालो, "अगं, झालं गं!" मग शेडमध्ये कोणी नाही हे लक्षात आलं.

आनंद दोन मिनिटं टिकला. रेस दिली की ट्रक ठीक चालायचा. पाय काढला की थरथरायला लागायचा. आरसे हलायचे, दार खुळखुळायचं आणि मिनिटभरात आचका देऊन सगळं शांत. पुन्हा चावी, पुन्हा तेच. हा सोमवार होता. रविवारी सकाळी मला निघायचं होतं.

का निघायचं होतं ते आधी सांगतो. माझी बायको शिवणकाम करायची. घरातली पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. तिथे तिचं लोखंडी पायांचं शिलाई मशीन, कापड बेतायचं टेबल आणि रिळांचं कपाट. पोरगी तिच्याकडेच शिकली. आता ती तीन तासांवरच्या गावात स्वतःचं दुकान टाकणार होती. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात बायको मला म्हणाली, "मशीन पोरीला द्या. पण भाड्याच्या गाडीत टाकू नका, ती माणसं आपटतात. तुम्ही स्वतः न्या, आपल्या ट्रकमधून." मी म्हणालो, नेतो. तिने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. त्यानंतर तिने मला दुसरं काही मागितलं नाही.

तीन तासांच्या वाटेत एक मोठा चढ आहे आणि दोन गर्दीचे चौक. पाय काढला की बंद पडणारा ट्रक भरल्या मालानिशी चढावर नेणं म्हणजे आत्महत्या. पोरीने फोनवर सरळ सांगितलं होतं, "बाबा, शनिवारी दुपारपर्यंत ट्रक नीट झाला तर ठीक. नाहीतर मी गाडी ठरवते. हट्ट करायचा नाही."

मी हट्टी नाही. पण मंगळवारी प्लग बदलले. बुधवारी कार्ब्युरेटर उतरवून धुतला. गुरुवारी परत उतरवून परत धुतला, तोच कार्ब्युरेटर, जणू काल कोणी दुसऱ्यानेच धुतला होता. हवेचा स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर. टाकीतलं पेट्रोल काढून नवं भरलं.

समोर रस्त्यापलीकडे मेस्त्रींचं गॅरेज आहे. ते रोज ऐकत होते. गुरुवारी संध्याकाळी हात पुसत आले.

"काय भाऊ, ट्रकला हिवताप भरलाय का?"

"पेट्रोल खराब होतं. बदललंय."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"मेस्त्री, तीस वर्षं चालवतोय मी हा ट्रक."

"चालवताय हो. चालवणं वेगळं आणि खोलणं वेगळं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नये माणसाने." त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "रेस दिली की सुधारतोय ना? मग कुठेतरी हवा खातोय. बाहेरून हवा आत शिरतेय, चुकीच्या जागेने. एखादी नळी नीट बसलेली नाही. बघू, सरका."

त्यांनी बोनेटला हात घातला आणि मी बोनेट खाली ओढलं. त्यांची बोटं थोडक्यात वाचली.

"अहो!"

"मी बघतो. नळ्या मीच बघतो."

त्यांनी बोटं झटकली. म्हणाले, "बघा बाबा. पण खरंच बघा." आणि गेले. मला वाईट वाटलं. चांगला माणूस आहे. पण त्यांचा हात मला ठाऊक आहे. पक्कड घेतली की जे मध्ये येईल ते ओढून फेकतात. आणि त्या नळ्यांना दोरे होते.

आमची एक पद्धत होती. इंजिन खोलायचं म्हटलं की बायको रिळं घेऊन यायची. मी एक नळी काढली की नळीच्या टोकाला आणि ती जिथून निघाली त्या पितळी तोटीला ती एकाच रंगाचा दोरा बांधायची. लाल नळी लाल तोटीला, हिरवी हिरव्याला. माझा गोंधळ व्हायचा नाही. जोडताना मी म्हणायचो, "लाल," ती दोन्ही दोरे कात्रीने कापायची, मग मी नळी बसवायचो. "बसली?" "बसली." की पुढची. दोरे कापणं तिचं काम. मी कधी कात्रीला हात लावला नाही, तिच्या कापडाच्या कात्रीला कोणी हात लावलेला तिला चालायचाच नाही.

आवाजही तीच ऐकायची. केबिनमध्ये इंजिनाशेजारी बसून बसून माझे कान जाड झालेत. ठोका कळतो, बारीक आवाज कळत नाही. ती शेडच्या दारातून सांगायची, "अहो, टीप सोडतोय." शिलाई मशीन टाके गाळतं ना, तसं. आणि बरोबर निघायचं.

मागच्या वर्षी हेडचं पॅकिंग गेलं म्हणून आम्ही इंजिन खोललं. सात नळ्या निघाल्या. सहा झाल्यावर रिळांतले ठळक रंग संपले, म्हणून सातवीला तिने कोट-बटणांचा जाड दोरा बांधला. "हा तर तुम्हाला अंधारातही हाताला लागेल," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. मग इंजिन तसंच राहिलं. वर तिने शिवलेली चादर.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. मी चादर काढली तेव्हा चौदा दोरे होते. सात नळ्यांना, सात तोट्यांना. गाठी तिच्या. मी रंग बघून नळ्या जोडल्या, एकही दोरा कापला नाही. तोटीवरचा दोरा बोटाने मागे सारायचा आणि नळी चढवायची. दोऱ्याने इंजिन थोडंच अडतं, असं मनाशी म्हणालो. मेस्त्री नळ्यांबद्दल बोलले, त्याच्या आधीच मला ते कुठेतरी कळलं होतं. म्हणून तर मी कार्ब्युरेटर धूत बसलो होतो.

शुक्रवारी संध्याकाळी पोरगी आली. मशीन पुसलं, टेबलाचे पाय खोलून दोरीने बांधले. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन शेडमध्ये आली, तो ट्रकच्या मडगार्डवर ठेवला आणि म्हणाली, "सुरू करा."

मी सुरू केला. रेस सोडली. कपातला चहा थरथरला. तिने मिनिटभर ऐकलं.

"टीप सोडतोय," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं.

"मेस्त्रीकाका रस्त्यात भेटले. म्हणाले, हवा खातोय. आणि तुम्ही त्यांची बोटं तोडत होता म्हणे."

"वाढवून सांगतात ते."

"नळ्या बघितल्या तुम्ही?"

"बघितल्या."

"सगळ्या?"

"तू वकील कधीपासून झालीस?"

"तुम्ही खोटं बोलायला लागलात तेव्हापासून." तिने कप उचलून ट्रकच्या पायरीवर ठेवला आणि बोनेट वर केलं. दोरे बघितले. लाल, हिरवा, पिवळा, निळा. एकेकावर बोट ठेवत गेली, आणि मग थांबली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "ही गाठ अजून तशीच बांधायची का आई? मला या गाठीवरून किती बोलणी बसली."

"तशीच."

"बाबा, एखादा हातभर पाइप आहे का? रबरी?"

होता. तिने एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवत निघाली. लहानपणी आईला असं करताना बघितलं होतं तिने. मी केबिनमध्ये बसून इंजिन पुन्हा सुरू केलं आणि पाय हलका ठेवला, ट्रक बंद पडू नये म्हणून. काचेतून मला तिची फक्त वेणी दिसत होती.

"लाल नाही. हिरवी नाही." मग वेणी आणखी खाली वाकली. "मागे काय आहे? कार्ब्युरेटरच्या पाठीमागे?"

"सातवी. डिस्ट्रिब्युटरकडे जाते."

"इथे साप आहे, बाबा. फुस्स करतोय."

बंद पडायच्या आत मी उतरलो. कान तिथे नेला, मला काहीच ऐकू आलं नाही. तिने पाइपचं टोक माझ्या कानाला लावलं, तरी नाही. मग मी हात मागे घातला. त्या जागी डोळा पोचत नाही, बोटंच पोचतात. नळीच्या तोंडावर अंगठा आणि बोट दाबलं. थरथर थांबली. इंजिन एकदम सरळ झालं. बोट काढलं, पुन्हा थरथर.

बोटाला जाड दोरा लागला. अंधारातही लागेल म्हणाली होती, तो. बाकीच्या सहांचे दोरे बारीक होते, मागे सरले. हा सरला नव्हता. चार वेढे आणि वर गाठ. नळी त्याच्यावर अर्धवट चढून बसली होती, आणि शेजारच्या फटीतून हवा आत जात होती.

मी चावी फिरवून बंद केला. मीच म्हणालो, "तो कापावा लागेल."

"हो."

"बाकीचे राहिले तर चालेल. ते आड येत नाहीत."

ती मडगार्डला टेकली. "बाबा, आई कोटाला आधी कच्चे टाके घालायची ना, मोठे मोठे पांढरे? पक्की शिवण झाली की ते काढायला मला बसवायची. एकदा मी दोन तसेच ठेवले. तिने तो कोट दुकानातून जाऊ दिला नाही. म्हणाली, कच्चा टाका घातलेला दिसला तर काम अपुरं आहे असं लोक समजतात."

"मला नको शिकवूस."

"शिकवत नाहीये. ती चौदाच्या चौदा कापून मोकळी झाली असती, एवढंच सांगतेय. वर तुम्हाला बोलली असती."

हे मात्र खरं होतं. 'अहो, वेंधळे आहात का, दोऱ्यावर नळी चढवतात का?' मला तिचा आवाज अगदी नीट ऐकू आला. बारीक आवाज असूनही.

पोरगी आत जाऊन कापडाची कात्री घेऊन आली. मी म्हणालो, "तू काप. मला तिने कधी हात लावू दिला नाही."

"आता ती कात्री माझी आहे," ती म्हणाली, "आणि मी लावू देतेय. धरा."

कात्री जड होती. मूठ बायकोच्या हाताने गुळगुळीत झालेली, माझी बोटं त्यात मावेनात. सातवी नळी ओढून काढली, कात्रीचं टोक मागे नेलं, दोऱ्याखाली घातलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा कट् झालं. दोरा माझ्या तळहातावर आला, तेलाने काळा झालेला, गाठीसकट. नळीवरचाही कापला. मग नळी चढवली. ती तोटीच्या बुडापर्यंत गेली आणि टेकली.

"बसली?" पोरीने विचारलं.

"बसली."

मग मी म्हणालो, "लाल." ती दचकली, पण तिला कळलं. लाल नळी काढून दोन्ही दोरे कापले. मग हिरवे, पिवळे, निळे. दर वेळी ती विचारायची आणि मी सांगायचो. अर्धा तास लागला. चौदा दोरे तिने काड्यापेटीत घातले आणि मशीनच्या खणात बॉबिनशेजारी ठेवले.

चावी फिरवली. पहिल्या झटक्याला सुरू झाला. रेस सोडली. थोडा आचकला, कारण मी आठवडाभर तो स्क्रू इकडचा तिकडे करून ठेवला होता. माझ्या कानांचा काही भरवसा नाही म्हणून पोरीला उभं केलं. "आत घ्या. अजून. जरा जास्त झालं. बस!" कपातला चहा हलायचा थांबला. तो गार झाला होता, तसाच मी प्यायलो.

मेस्त्री रस्त्यापलीकडून ओरडले, "काय हो, उतरला ताप?"

"उतरला!"

"काय होतं?"

"हवा खात होता. तुम्ही म्हणालात तेच."

"मग माझी बोटं का तोडत होता?"

"चुकलं," मी ओरडलो. ते हसले आणि आपल्या कामाला लागले. रविवारी सकाळी मशीन चढवायला स्वतःहून आले. मशीनच्या पायांखाली आम्ही तीच इंजिनावरची चादर घडी करून घातली. मी दोन वेळा म्हणालो, "आपटू नका." मेस्त्री म्हणाले, "भाऊ, नवी नवरी असल्यासारखं उचलतोय, आणखी काय करू?"

चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढला. पोरगी शेजारी, दर वळणावर मागच्या काचेतून मशीनकडे बघायची. मग पहिला मोठा चौक आला, दिवा लाल. मी ब्रेक दाबला, रेसवरचा पाय काढला. बाजूला रिक्षांचा, गाड्यांचा नुसता गोंगाट.

पोरीने माझा दंड धरला. "बाबा! बंद पडला!"

मी तिचा हात उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवला. तिथे अगदी हलकं, एकसारखं काहीतरी लागत होतं.

"चालू आहे," मी म्हणालो.

ती हात तिथेच ठेवून बसली. दिवा हिरवा झाला तेव्हा मला तो बाजूला करायला सांगावं लागलं, कारण गिअर टाकायचा होता.