चंद्रीचं पत्र आणि माझा सूड

मी एक जुना, पिवळा पडलेला संगणक आहे. मित्रांनो, वस्तू राग धरत नाहीत असं वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका.

दोन हजार चार साली मला कोल्हापुरातल्या एका वसतिगृहात आणलं. मुलांनी मनातलं दुखणं टोपणनावानं माझ्यात लिहायचं आणि डॉक्टर संयोगिताबाईंनी दर गुरुवारी येऊन त्याखाली उत्तर लिहायचं, अशी माझी नोकरी. समोर माणूस नसला की मुलं खरं बोलायची.

गडहिंग्लजची अक्षता रोज यायची. 'वर्गात छाती धडधडते. शिक्षण सोडावंसं वाटतं,' असं लिहून तिनं खाली नाव घातलं, चंद्री. हे तिच्या म्हशीचं नाव. या म्हशीचं कौतुक आपण सगळ्या वसतिगृहाला ऐकवलंय, हे मात्र ती विसरली. बाईंच्या उत्तरांनी ती हळूहळू सावरली, वर्गात बसू लागली.

खंडेनवमीला मला झेंडूचा हार घातला. पाहुण्यांना योजनेचं यश दाखवायचं म्हणून रेक्टर पिराजीसरांनी चंद्रीचं पत्र खड्या आवाजात वाचलं. वर म्हणाले, "नाव गुप्त ठेवलंय की!"

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हस आजारी हाय व्हय?"

सगळे हसले. अक्षतानं दुपारचीच एसटी धरली. हार माझ्या गळ्यात, आणि विश्वासघातकीही मीच! तेव्हाच ठरवलं, सरांना सोडायचं नाही.

बाई गडहिंग्लजला जाऊन तिला परत घेऊन आल्या. पण वर्षभर माझ्याजवळ कोणी फिरकलं नाही. आले ते एकटे सर. 'पत्नी गेल्यापासून रिकाम्या घरात शिरवत नाही. रडू येतं,' त्यांनी बाईंना लिहिलं. शिस्तीचा माणूस, खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि 'आपला विश्वासू'! मी ते पत्र जपून ठेवलं.

पुढच्या खंडेनवमीला मला मोठ्या पडद्याला जोडलं. सर योजनेची माहिती उघडायला गेले. मी त्यांचं पत्र उघडलं. 'पत्नी गेल्यापासून' एवढं दिसलं आणि पडदा काळा झाला. अक्षतानं माझी वायर उपटली होती.

"लाईट गेली की वो!" ती मोठ्यानं म्हणाली. मग सरांजवळ जाऊन हळूच, "सर, गुरुवारी बाई येत्यात. समोर बसून बोला. मी बी तसंच करते."

"पोरी, मी तुझं पत्र..."

"ऱ्हाऊ दे ते. चंद्रीला रेडकू झालंय. पेढा घ्या."

तिनं माफ केलं. मी नाही.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. उद्या भंगारवाला येईल. मित्रांनो, मला त्याच्या हाती देण्याआधी माझ्या पोटातली पत्रं पुसून टाका. सगळ्यांची. सरांचंही. पण लवकर करा. माझा राग अजून गेलेला नाही.