हरण्या, पाखऱ्या आणि पोळ्याची सुट्टी

मित्रांनो, मी सिनेमाचा एक जुना प्रोजेक्टर आहे. पण मला त्या नावानं कुणी फारशी हाक मारली नाही. माझं नाव हरण्या. हो, बैलाचं नाव. माझ्या शेजारी उभा आहे तो पाखऱ्या. आम्हाला शिंगं नाहीत, शेपट्या नाहीत, तरी आमच्या लोखंडी पायांवर हळदीचे डाग आहेत. ते कसे पडले, तेच आज सांगतो.

आमचा जन्म कारखान्यातला. बिडाचं अंग, काचेचा एकच डोळा, पोटात दातेरी चाकं. हैदराबादच्या एका थेटरात काही वर्षं काढल्यावर अहमदपूरच्या माणिकप्पांनी आम्हाला विकत घेतलं. माणिकप्पा आडत दुकानदार. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म आणि डोक्यात सिनेमाचं वेड. बाजारपेठेच्या कडेला त्यांनी पत्र्याचं थेटर बांधलं आणि त्याला नाव दिलं मन्मथ टॉकीज. वरच्या अरुंद खोलीत आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. समोरच्या भिंतीला दोन चौकोनी भोकं होती. त्यांतून आम्ही पडद्याकडे बघायचो.

एका खेळाला दोन मशिनी कशाला, असं तुम्हाला वाटेल. मित्रांनो, तेव्हा सिनेमा एका रिळात मावत नसे. पत्र्याच्या पेट्यांतून त्याची पुष्कळ रिळं यायची. माझ्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक लावून पेटवल्या, की डोळे दिपवणारा उजेड पडे. पहिलं रीळ मी दाखवायचो. ते संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. तो दिसला की पाखऱ्यानं तयार व्हायचं. दुसरा ठिपका चमकला की माझी झडप बंद आणि त्याची उघडी. खाली बसलेल्या माणसांना त्यातलं काही कळायचंही नाही. मग त्याचं रीळ चालेपर्यंत मी डोळा मिटून गार होत असे.

त्यामुळे एक गंमत झाली. पहिलं, तिसरं, पाचवं रीळ माझं. दुसरं, चौथं, सहावं त्याचं. एका सिनेमात जत्रेतल्या गर्दीत बहीण-भावाची ताटातूट झाली, ती मी बघितली. पण ती दोघं पुढं कशी भेटली, ते पाखऱ्यालाच ठाऊक. एवढे सिनेमे दाखवले, पण एकही गोष्ट मला सबंध माहीत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात केरबा आमच्याकडे आला. किनगावकडचा, विशीतला गडी. त्याच्याकडे देवणी बैलांची जोडी होती. वैरण संपली, विहिरीचा तळ दिसू लागला, तेव्हा त्यानं ती जोडी हाळीच्या बाजारात नेली. गिऱ्हाइकानं एकच बैल घेतला. केरबानं त्याचं दावं गिऱ्हाइकाच्या हाती दिलं आणि मागं न बघता बाजारातून निघाला. घरी आणलेला दुसरा बैल रिकाम्या बाजूला मान वळवून उभा राहायचा. पुढ्यात टाकलेल्या कडब्याला तोंड लावत नसे. तो पोळ्यापर्यंत टिकला नाही. मग केरबा दुष्काळी कामावर गेला, सरकारी सुकडी खाऊन खडी फोडली आणि शेवटी आमच्या टॉकीजमध्ये आला. हैदराबादहून आलेल्या उस्तादाच्या हाताखाली त्यानं मशीन चालवणं शिकून घेतलं. उस्ताद परत गेल्यावर वरची खोली त्याच्याकडे आली.

त्या दिवशी त्यानं आमच्या अंगावरून हात फिरवला. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसाच.

"हा डावा हरण्या, अन् हा उजवा पाखऱ्या," तो म्हणाला.

माणिकप्पा हसले. "अरे केरबा, मशिनी हायेत त्या. जू कुठं ठेवणार?"

"जू न्हाई तर न्हाई, अप्पा. जोडी तर हाय! फकस्त हे संगं न्हाई, पाळीनं ओढतेत."

आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." केरबाच्या गोठ्यात आता बैल नव्हते. त्यानं ते लोणी वर आणलं आणि आमच्या खांद्यांना चांगलं रगडलं. आवतणही दिलं.

दुसऱ्या दिवशी थेटर गच्च भरलं. पोळ्याला गाडीला बैल जुंपत नाहीत, म्हणून माणसं चालत नाहीतर एसटीनं आली होती. खेळ रंगात आला, माझं अंग तापलं आणि खांद्यावरचं लोणी वितळून पोटातल्या दातेरी चाकांवर ओघळलं. फिल्म घसरली. पडद्यावर नायकाचे पाय वर आणि डोकं खाली आलं! शिट्ट्यांनी पत्रे दणाणले.

"ए केरबा, बेनं उलटं पेरलं का रं?" खालून कुणीतरी ओरडलं.

माणिकप्पा धोतर सावरत जिना चढून आले. "काय करून राहिलास रे? बैलाला लोणी, मशिनीला ग्रीस! एवढंबी कळंना तुला?"

"अप्पा, सणाचा दिस हाय. कोरडेच कसे ठेवू?"

माणिकप्पा रागावून घरी गेले आणि घडलेलं बायकोला, सिद्धम्माला, सांगितलं. गावात सगळे तिला अव्वा म्हणत. अव्वा पोट धरून हसली. मग पुरणपोळीचं ताट आमच्यासाठी वर धाडलं आणि निरोप दिला, "केरबाला म्हणावं, खांदे सोड, पायाला हळद लाव."

तर मित्रांनो, आमच्या पायांवरचे डाग ते हे. तेव्हापासून दर पोळ्याला अव्वाच्या घरून ताट येऊ लागलं.

एक गोष्ट मात्र केरबाला खुपायची. पोळ्याला बैलांना सुट्टी, सालगड्यांना सुट्टी आणि ती सगळी मंडळी सिनेमाला! त्यामुळे आमचं काम त्याच दिवशी सगळ्यात जास्त. कानाशी आवतण देऊन झालं की केरबा ओशाळून हळूच म्हणायचा, "पर उद्या चार खेळ हायेत, बाबांनो. तेवढे ओढा. एक तरी पोळा तुमाला बसवून खाऊ घालीन."

वर्षं गेली. उस्मानाबाद जिल्ह्यातले आम्ही लातूर जिल्ह्यातले झालो. नवा जिल्हा झाला तेव्हा मध्यंतरात काचेची पट्टी लावून पडद्यावर अक्षरं दाखवली होती : 'आता आपला जिल्हा लातूर'. टाळ्या पडल्या. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा मात्र मोठ्यानं म्हणाला, "जिल्हा बदलला. पाऊस बदलंल का?" त्याला आणखी मोठ्या टाळ्या पडल्या.

ते आमचे भराचे दिवस होते. तिकिटाच्या खिडकीशी सदरे फाटत. मग घरोघरी टीव्ही आले, गल्लीबोळात व्हिडिओ आले. माणिकप्पा गेले. पुढं सिनेमे म्हणे उपग्रहावरून, थेट आभाळातून येऊ लागले. नव्या सिनेमाची रिळंच निघेनात. माणिकप्पांचा मुलगा शिवप्पा जुनेच सिनेमे फिरवून फिरवून लावायचा. माझे दाते झिजले होते. फिल्म फाटेल की काय, या धास्तीनं प्रत्येक खेळ जायचा. कांड्यांच्या धुरानं केरबाला खोकला जडला होता. पत्र्याखाली वटवाघळं लटकायची.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमचा शेवटचा खेळ झाला. थेटरात माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शेवटचं रीळ पाखऱ्याचं होतं. केरबानं कांड्या विझवल्या, झडप लावली. शिवप्पा जिन्याच्या पायरीवर बसून होता.

"सुटलो बघ, केरबाकाका," तो म्हणाला. "रोज थेटर उघडून रिकामी बाकडी मोजायची."

"मीबी सुटलो, मालक. आता रातचं जेवण ऊन ऊन मिळंल."

मला फार वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं ना? खरं सांगू? मला हलकं वाटलं. मानेवरचं जू उतरल्यावर बैल अंग झाडतो, तसं.

पण खरी धास्ती पुढंच होती. पावसाळ्याच्या तोंडावर शिवप्पा एका माणसाला घेऊन वर आला. त्याचं नाव श्रीमंत. नांदेडच्या रस्त्यावर त्याचं नवं हॉटेल होतं. दारात शोभेला मांडायला त्याला जुना प्रोजेक्टर हवा होता. त्यानं आम्हा दोघांना टिचक्या मारून पाहिलं.

"हा बास," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. "याच्यावर झगमग लाइटी सोडू."

"अन् दुसरा?" केरबानं विचारलं.

"दुसरा भंगारात जाईल, काका," शिवप्पा म्हणाला. "थेटराचं गोदाम करायचं हाय. जागा मोकळी पाहिजे."

केरबाचा चेहरा उतरला. "मालक, जोडी फोडू नका."

श्रीमंत खो खो हसला. "काका, हॉटेल हाय माझं, गोठा न्हाई!"

हमालांनी मला दोर लावला. केरबा जिना उतरून गेला. हाळीच्या बाजारातून मागं न बघता गेला होता, तसाच आताही गेला, असं मला वाटलं. मला ओढत खोलीच्या दारापर्यंत आणलं. पाखऱ्या आणि मी पहिल्यांदाच एवढे लांब झालो. माझ्या पोटात ताटातूट होती, भेट त्याच्याकडेच राहिली होती.

तेवढ्यात खाली काठीचा ठक ठक आवाज आला. अव्वा आली होती. पाठ वाकलेली, पदर डोक्यावर. मागं केरबा.

"शिवप्पा, खाली ये."

"अव्वा, उन्हात कशाला आलीस?"

"काय इकून राहिलास?"

"जुन्या मशिनी हायेत गं. एक हॉटेलात जाईल, एक भंगारात."

"मशिनी? मग दर पोळ्याला मी पोळ्या कुणासाठी लाटल्या रे? त्यांच्या जिवावर तुझा बाप जेवला, तू जेवलास. आता एक लोकाच्या दारात बांधतोस अन् एक कसायाला देतोस?"

श्रीमंत पुढं झाला. "अव्वा, मी लई झ्याक सांभाळीन त्याला."

"हाव? मग दोन्ही ने."

"दोन्हीला दारात जागा न्हाई ना, अव्वा."

"आमच्या दारात हाय." अव्वानं थेटराच्या दारावरच्या पाटीकडे पाहिलं. "तुला टॉकीजची शोभाच पाहिजे ना? मग ती नावाची पाटी ने. ती एकटीच हाय, तिला जोडी न्हाई."

शिवप्पा मान खाजवत हसला. हमालांनी दोर सोडला. श्रीमंत पाटी घेऊन गेला, तोही खुशीत.

आता आम्ही शिवप्पाच्या आडत दुकानाच्या ओसरीत शेजारी शेजारी उभे आहोत. एका बाजूला सोयाबीनची पोती, दुसऱ्या बाजूला वजनकाटा. शाळा सुटली की मुलं येतात आणि आमच्या डोळ्यात डोकावतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी असं कुणी असेल. अडगळीतलं शिवणयंत्र असेल, परसातला जुना पाटा-वरवंटा असेल, नाहीतर सणासुदीला तुमच्यासाठी राबून थकलेलं एखादं माणूस असेल. त्यांना मखरात बसवू नका. काम संपलं की त्यांच्या मानेवरचं जू आपल्या हातानं उतरवा, जवळ जागा द्या आणि त्यांची जोडी असेल तर ती फोडू नका. एवढंच मागणं आहे.

त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी केरबा हळद-लोण्याची वाटी घेऊन ओसरीत आला. खाली बसून आमच्या पायांना हळद लावली. मग वाटीकडे बघितलं, हसला आणि उरलेलं लोणी दोघांच्या खांद्यांना रगडून टाकलं. आता ते ओघळलं तरी बिघडणार काय होतं?

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," तो म्हणाला. सवयीनं त्याचं तोंड पुढं बोलायला उघडलं, पण तो थांबला. दोन्ही हात आमच्या पाठींवर ठेवून म्हणाला, "उद्या खेळ न्हाई."

दुसऱ्या दिवशी अव्वाच्या घरून ताट आलं. आम्ही दोघं दिवसभर रिकामे उभे होतो. मी पाखऱ्याला म्हटलं, "आता सांग. ती दोघं बहीण-भाऊ भेटली कशी?"

आणि पाखऱ्यानं सावकाश, त्याच्या पहिल्या रिळापासून सुरुवात केली.