लवंगेच्या बाटलीतलं पाणी

"डोळे मिटा, हळूच वास घ्या, आणि मनात जे येईल ते सांगा," वर्ग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

धाकटीने लवंगेची बाटली नाकाशी नेली, भुवया उंचावल्या, आणि सगळा वर्ग खुर्च्या पुढे ओढून बसला. तिच्या थोरल्या बहिणीने, ताईने, मात्र आपली खुर्ची मागे सरकवली.

"दुपार आहे," धाकटी म्हणाली. "दाढ ठणकतेय. आई कामावर गेलेलीच नाही. दाढेखाली लवंग ठेवलीय आणि डोकं मांडीवर घेतलंय. केसांत हात फिरवतेय. मध्येच म्हणते, लवंग गिळू नकोस गं बाई, पोटात झाड उगवेल!"

हशा पिकला. टाळ्या पडल्या. निवृत्त बसचालक काका तर उभेच राहिले. "वास काय, घरीही येतो मला. मी इथं येतो ते तुमच्या गोष्टी ऐकायला!"

"आता ताई, तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

ताईने वास घेतला. झणझणीत, नाकातून थेट डोळ्यांत. "लवंग," ती म्हणाली.

"आणि काय आठवतं?"

"लवंग आठवते."

पुन्हा हशा पिकला, पण हा वेगळा होता.

वासाचा हा वर्ग शोधून काढला होता ताईनेच. धडधाकट माणसांनी रोज सकाळ-संध्याकाळ घरी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरीच्या बाटल्या हुंगायच्या. त्याने स्मरणशक्तीला धार येते का, ते मॅडमना पाहायचे होते. येतेच, असे त्या छातीठोकपणे म्हणत नव्हत्या, पण ताईला तेवढे पुरे होते. बहिणी-बहिणींच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात मापे घेणारी, कापणारी ती; धाकटी काज-बटण करणारी आणि कात्री कुठे ठेवली ते दिवसभर विचारणारी. वर्गाला तिला नेले ते सोबत म्हणून, पिशवी न्यावी तसे. आणि आता पिशवीच भाव खाऊन जात होती!

टाळ्यांचे एक वेळ चालले असते. पण आई? ताईच्या आठवणीतली आई सदा पाठमोरी. भांडी घासणारी, कामाला निघताना दार ओढून घेणारी. धाकटीला मांडी मिळाली, केसांतून फिरणारा हात मिळाला, वर विनोदसुद्धा मिळाला, आणि त्याच घरात वाढलेल्या ताईला पत्ताच नाही! तिचा असा काही जळफळाट झाला की परतताना ती रस्ताभर धाकटीच्या पुढेच चालत राहिली.

"अगं, हळू ना! गाडी सुटतेय का तुझी?"

"तू ये सावकाश. वाटेत कुणीतरी टाळ्या वाजवेलच तुझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी धाकटी अंघोळीला गेली, तशी ताईने तिची लवंगेची बाटली उघडली. आतला तेलाचा बोळा काढून फेकला, बाटली साबणाच्या गरम पाण्याने खसखसून धुतली आणि नवा कापूस साध्या पाण्यात भिजवून आत कोंबला. हुंगून पाहिले. काही नाही. झाकण लावताना मनात गुदगुल्या होत होत्या. येऊ दे एकदा तिच्यावरही 'लवंग आठवते' म्हणायची पाळी!

धाकटी ओले केस टॉवेलात गुंडाळून बाटल्यांसमोर बसली. गुलाब झाला, लिंबू झाले. लवंगेची बाटली नाकाशी गेली. ताई एक बाही उसवण्याचे नाटक करत होती.

"अहाहा!" धाकटी म्हणाली. "आज काय तेज लागतेय गं!"

ताईचा हात थांबला. "काय तेज लागतेय?"

"लवंग. दुसरं काय? ठसकाच लागला बघ." आणि ती खोकलीसुद्धा.

"पाणी आहे त्यात. साधं पाणी. मी भरलंय."

धाकटीने बाटलीकडे पाहिले, मग ताईकडे. आता ही चिडणार, म्हणून ताई भांडायच्या तयारीतच होती. पण धाकटीने झाकण लावले आणि बाटली ओळीत नीट ठेवली.

"गेल्या हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून मला वासच येत नाही," ती म्हणाली. "झाकणावरची नावं वाचते आणि बोलते."

"आणि मला सांगितलं नाहीस? त्या दिवशी दूध करपलं तेव्हा..."

"तेव्हा तू विसरभोळी म्हणून ओरडलीस. म्हटलं, बरंय, ते तरी ओळखीचं आहे. खरं सांगितलं असतं तर वर्गात घेतलं नसतं. धडधाकटच हवेत ना त्यांना? तू तिकडे जाणार आणि मी इथं भिंतीशी बोलू?"

"म्हणजे गोष्टीही खोट्या!" ताईला इतके हलके वाटले की तिची तिलाच लाज वाटली. "आईनं तुला मांडीवर घेतलंच नाही."

"मला नाही. तुला."

ताईने हातातली बाही खाली ठेवली.

"दाढ तुझी होती. गाल असा सुजलेला, अंगात ताप, तुला शुद्ध कुठे होती! मी दारात उभी होते. आपली दाढ का दुखत नाही म्हणून रडत होते." धाकटी हसली, पण हसू ओठांवरच राहिले. "इतकी वर्षं ती मांडी मनात घोळवतेय. वर्गात सगळे विचारायला लागले, तेव्हा वाटलं, एकदा आपल्या नावावर सांगून बघू या."

ताईची जीभ नकळत मागे गेली. तिथे लहानपणी काढलेल्या दाढेची रिकामी जागा होती. तिने आठवून पाहिले. मांडी, हात, पोटातले झाड. काहीच आले नाही. तिच्या वाट्याची आई धाकटीने जपून ठेवली होती, आणि ताईला आता त्याचाही हेवा वाटत होता.

पुढच्या वर्गात मॅडमनी डोळ्यांवर पट्टी बांधून वास ओळखायची चाचणी जाहीर केली. ताई काहीतरी सबब सांगायला तोंड उघडणार, तोच धाकटी उभी राहिली.

"मॅडम, मला वास येत नाही. मी खोटं बोलले. माझ्या बाटल्या दुसऱ्या कुणाला द्या."

"आणि त्या गोष्टी?" बसचालक काकांचा चेहरा पडला.

"खऱ्या आहेत. पण माझ्या नाहीत, हिच्या आहेत."

"मी रागावत नाही हो," मॅडम म्हणाल्या, "पण डॉक्टरांना नाक दाखवून घ्या. टाळू नका."

धाकटीने मान डोलावली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि ताठ चालत बाहेर गेली.

ताईने एकूण एक वास ओळखले. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. ती त्या संपायची वाट बघत बसली.

बाहेर पायरीवर धाकटी होती. दाराशी पडलेल्या चपलांच्या ढिगातून तिने ताईच्या चपला शोधून काढल्या होत्या आणि पाय सरळ घालता येतील अशा वळवून ठेवल्या होत्या.

"किती ओळखलेस?"

"सगळे."

"वाटलंच मला," धाकटी म्हणाली आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागली.

ताईने तिच्या खांद्यावर हात टेकला, एक पाय चपलेत घातला, मग दुसरा. दोन्ही पाय आत गेले, तरी हात तिथेच राहिला.