सावोचा माणूस गप्प झाला तेव्हा

तुम्ही माझ्या नवऱ्याची वाचा घेतलीत. वर मला समोर बसवून सांगता, "रुग्णाने एकदाही तक्रार केली नाही." करणार कशी? जीभ हलवणारा मेंदूच तुमच्या औषधाने जाम केला होता.

माझा ऑर्वो सावो प्रांतातला. तिकडची माणसं बोलायला लागली की मुद्दा येईपर्यंत अंधार पडतो. लग्न करून तो इकडे पोह्यानमाच्या सपाट मुलखात आला. इथं शेजारी शेजाऱ्याला मान हलवतो, तेही सणासुदीला. हा तर सौनाच्या वाफेच्या खोलीतसुद्धा बडबडायचा. आमच्याकडे सौनात बडबडणारा म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारणारा.

पायाची जखम चिघळली, ताप चढला, म्हणून त्याला तुमच्या इस्पितळात आणला. किडन्या अर्ध्यामुर्ध्याच चालतात, हे मी दाखल करतानाच सांगितलं. शिरेत नळी घातलीत, अँटिबायोटिक सुरू केलंत. ताप उतरला. आणि बडबडही थांबली.

नर्स टुइरे खूश. "हेल्वी, असा पेशंट मिळायला नशीब लागतं. घंटा नाही, कुरकुर नाही."

"अगं, तो बोलतच नाहीये!"

"मग? पुरुष आहे."

माझा भाऊ अर्मास भेटायला आला, खुर्ची ओढून बसला. दोघं समोरासमोर गप्प. निघताना म्हणतो कसा, "ताई, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुझा नवरा मला आवडला. शेवटी आपल्यातला झाला बघ."

तो गेल्यावर मी ऑर्वोला विचारलं, "कॉफी घेणार?"

"कॉफी."

"पाय दुखतोय?"

"कॉफी."

"अरे, मी कोण?"

बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाला, "कॉफी." त्याची बोटं उडत होती, गळाला मासा लागल्यावर दोरी उडते तशी.

मी तरुण डॉक्टरला ओढून आणलं. तो म्हणाला, "या वयात दवाखान्यात माणूस गोंधळतो, हेल्वी."

"गोंधळला असता तर दुप्पट बोलला असता! सावोचा आहे तो!"

डॉक्टर हसला. "माझे वडील दिवसाला तीन शब्द बोलायचे. ठणठणीत होते."

"तुझे वडील इथलेच ना? मग त्यांचं माप माझ्या नवऱ्याला कशाला लावतोस? ते औषध तपास. ते चालू झाल्यापासूनच हा असा झालाय."

"त्याच औषधाने ताप उतरलाय. मध्येच थांबवायचं नसतं."

आणि पुढची बाटली लटकली.

पुढे एका दुपारी त्याचं सगळं अंग झटके द्यायला लागलं, तेव्हा कुठे तुम्ही त्याला मोठ्या शहरात पाठवलंत. तिथल्या डॉक्टरीणबाईने डोक्याला तारा लावल्या, कागदावरच्या रेघा बघितल्या आणि मला बाजूला घेतलं.

"यांच्या मेंदूत कित्येक दिवस फिट चालू होती. बाहेरून न दिसणारी. औषध किडनीवाटे निघून जायला हवं होतं, ते साचलं आणि मेंदूवर गेलं. अशा किडन्यांना डोस कमी द्यायचा असतो."

"आता बंद केलंत ना? बोलेल ना तो?"

"बहुतेक जण बोलतात," ती म्हणाली. "वेळेत बंद केलं तर."

ऑर्वो आता घरी आहे. जेवतो, लाकडं रचतो. परवा सावोहून त्याच्या बहिणीने फोन केला. ती एकटीच बोलत राहिली. त्याने फोन कानाला धरून ठेवला. ती रडायला लागली, तरी तसाच धरून ठेवला. शेवटी मीच त्याच्या हातातून काढून घेतला.

तुमची दिलगिरी नको मला. 'दुर्मीळ दुष्परिणाम' हे शब्दही नकोत. तो माझ्या घरात घडलाय. किडन्या माहीत असताना पूर्ण डोस कोणी ठरवला? मी वॉर्डात ओरडत होते, तरी पुढची बाटली कोणाच्या हुकमाने लटकली? नाव सांगा. माझ्या तोंडावर सांगा.