रविवारची मुलगी

मला पगार मिळतो तो न चिडण्याचा. फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी बसते. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन आणि दिवसभर लोकांच्या शिव्या. कुणाचं दूध नासलेलं असतं, कुणाच्या घरभर मशीनचं पाणी झालेलं असतं. मी म्हणायचं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." तेही आवाजात हसू ठेवून, तसं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यामुळे त्या मंगळवारी गेटवर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, ते काही एका दिवसात साठलेलं नव्हतं.

आमची वसाहत शहराच्या पार टोकाला आहे. घर घेतलं तेव्हा जाहिरातीत झाडं, बाक आणि कारंजं छापलं होतं, आणि खाली 'निवांत परिसर'. निवांत असणारच! दिवसा इथे माणूसच नसतं. उजाडायच्या आत सगळे रांगेत, आणि परत येतात ते दिवे लागल्यावर. ते कारंजं म्हणे दुपारी चालू असतं. आमच्यापैकी ते कुणीही उडताना पाहिलेलं नाही, देखभालीचे पैसे मात्र सगळे भरतो.

बसच्या रांगेत माझ्या पुढे रोज आमच्या वसाहतीचे सेक्रेटरी उभे असतात. त्यांच्या कॉलरचा विरलेला काठ मला पाठ आहे, त्यांच्या बॅगेची चेन कुठे अडकते तेही ठाऊक आहे. पण आम्ही कधी एक शब्द बोललेलो नाही. रांगेत कुणीच बोलत नाही, सगळे उभ्या उभ्या झोपलेले असतात.

आई गेल्यावर बाबांना मी इथे आणलं. "तिथे एकटे काय करणार?" मी त्यांना म्हणाले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फोन करायचे. "जेवलात का?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." झालं आमचं बोलणं. त्या मंगळवारी फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा केला. पुन्हा तेच. आंघोळीला गेले असतील, झोपले असतील, असं मनाला समजावत मी दोन गिऱ्हाइकांकडे दिलगिरी व्यक्त केली आणि तिसऱ्याला मध्येच तोडून उठले. सुपरवायझर म्हणाली, "कुणा शेजाऱ्याला सांग ना बघायला." शेजारी! माझा शेजारी तिच्यासारखाच कुठल्यातरी ऑफिसात बसला होता. त्याचं नाव मला दारावरच्या पाटीपुरतंच माहीत.

टॅक्सी केली. भरदुपारी रस्ता मोकळा होता. ज्या वाटेवर माझी रोजची सकाळ आणि संध्याकाळ खर्ची पडते, ती वाट बघता बघता संपली. एवढंसंच अंतर होतं तर! म्हणजे आजवर आम्हाला घरापासून अंतराने नाही, एकमेकांच्या गर्दीनेच लांब ठेवलं होतं. डोक्यात तिडीक तिथूनच चढायला लागली.

गेटवर आडवा दांडा. केबिनमधून एक वॉचमन बाहेर आला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा गणवेश, गळ्यात शिट्टी. मी त्याला ओळखत नव्हते. तोही मला ओळखत नव्हता. तो येतो मी गेल्यावर, जातो मी यायच्या आत, आणि रविवारी त्याची सुट्टी.

"कुणाकडे जायचंय, मॅडम?"

"कुणाकडे म्हणजे? मी इथेच राहते. सी विंग, सहावा मजला. दांडा उचला."

"थांबा, वर विचारतो." त्याने इंटरकॉम लावला. मला तो इथूनही ऐकू आला, वाजतोय, वाजतोय. "कुणी उचलत नाही. वरून हो म्हटल्याशिवाय सोडता येत नाही."

"अहो, वर कुणी उचलत नाही म्हणूनच तर मी आलेय! माझे वडील आहेत वर!"

"नियम आहे, मॅडम."

नियम! मागच्या महिन्यात एक बाई भाची म्हणून आत शिरली आणि कुणाचं तरी कपाट साफ करून गेली. मग सेक्रेटरींनी हा नियम काढला. बैल गेला आणि झोपा केला. मी किल्ली दाखवली. तो म्हणाला, त्या बाईकडेही किल्ली होती. मी ऑफिसचं कार्ड दाखवलं, त्यावर कंपनीचा पत्ता. शेवटी त्याने सेक्रेटरींना फोन लावून माझ्या हातात दिला.

"हे बघा," सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाले, मागे कुणीतरी आकडे वाचत होतं, "मी तुम्हाला ओळखत नाही असं नाही. पण फोनवर आवाज कुणाचाही असू शकतो."

"रोज तुमच्या मागे उभी असते मी! तुमच्या बॅगेची चेन अडकते, निळ्या बॅगेची!"

"हे तुम्हाला कसं माहीत?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात ओळख पटल्याचं काही नव्हतं, भीती होती. "वॉचमनला द्या फोन." आणि त्याला त्यांनी काय सांगितलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो सरळ दांड्यासमोर येऊन उभा राहिला. मी करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"त्या सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना मी चांगला ओळखतो," तो म्हणाला. "रोज इथे येऊन बसतात. चहा पितो आम्ही. तुम्ही त्यांची मुलगी ना? मग सांगा, चहात साखर किती घेतात?"

"साखर? साखर घेतच नाहीत ते. डायबिटीस आहे त्यांना."

त्याने मान हलवली, चोर सापडल्यासारखी. "भरपूर घेतात. आणि त्यांची मुलगी परगावी असते. रविवारी येते फक्त. त्यांनीच सांगितलंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांवर, साखरेवर, त्या इस्त्रीच्या गणवेशावर. कुणावर ते मला आजही सांगता येणार नाही. "आणि आज?" मी ओरडले. "आज आले होते का खाली?"

त्याने सी विंगकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही. आज नाही आले. मलाही जरा वाटलं..."

"वाटलं? रोज येणारा म्हातारा माणूस आला नाही, आणि तुम्ही इथे बसून राहिलात?"

"गेट सोडायचं नाही, मॅडम. नोकरी जाईल माझी."

"दिलगीर आहोत म्हणा! म्हणा ना, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत!" असं किंचाळत मी वाकले आणि दांड्याखालून आत घुसले. त्याने पर्स धरली, मी ती त्याच्या हातात सोडून दिली. किल्ली माझ्या मुठीत होती. मी पळत सुटले आणि मागून तो शिट्टी फुंकत पळत आला. फुंक बाबा, फुंक! चार इमारती, एवढ्या खिडक्या, एक पडदासुद्धा हलला नाही. ऐकायला होतंच कोण? कारंजं मात्र उडत होतं, अगदी जाहिरातीतल्यासारखं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघं एकत्रच चढलो. त्याला धाप लागली होती, मलाही. मी किल्ली लावली, ती फिरली, तेव्हा त्याने शिट्टी तोंडातून काढली.

बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर होते. एक पाय वेडावाकडा, गालाखाली ओट्यावरून ओढलेला टॉवेल. शेगडीवर चहाचं आधण तसंच गार, शेजारी साखरेचा डबा उघडा. फोन बाहेर सोफ्यावर. माझ्या हाका तिथे वाजत होत्या आणि ते इथून ऐकत होते. ओठ सुकले होते, पण डोळे उघडे होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि पाहिलं ते माझ्याकडे नाही.

"आलास का रे?" ते वॉचमनला म्हणाले. "केव्हाची वाट बघतोय तुझी. म्हटलं, मी खाली दिसलो नाही की येशील."

वॉचमनने मान खाली घातली. मी गुडघ्यांवर बसले, बाबांचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता. तेव्हा त्यांची नजर माझ्यावर आली. ते बराच वेळ बघत राहिले, मग खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"तू कशी गं? आज रविवार आहे का?"

गिऱ्हाइकांसाठी कमावलेला तो हसरा आवाज मी शोधला. तो काही सापडला नाही. "हो बाबा," मी म्हणाले, "रविवारच आहे." आणि मग मला रडू फुटलं, रागाचं.

अँब्युलन्सचा भोंगा गेटपाशी येऊन थांबला. खाली दांडा आडवाच होता आणि उचलायला कुणी नव्हतं. बाबांनी वॉचमनचा हात घट्ट धरला होता, तो काही सोडेनात. "तू बस," मी त्याला म्हणाले आणि मीच खाली धावले. दांडा दोन्ही हातांनी वर ढकलला. जड होता. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "ताई, कुठल्या इमारतीत? तुम्ही इथल्याच ना?"

"सी विंग, सहावा मजला," मी म्हणाले. "वर पडलेत ते इथे राहतात. मी नुसती झोपायला येते."