दंडातली काडी

माझी सासू मन्नुबिया उद्या मेली तरी मी तिला माफ करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तिच्या लेकानं, लझारनं, माझ्या पोटात लाथ घातली तेव्हा मला दिवस गेले होते. ते एकट्या मलाच ठाऊक. याच्या हाती आणखी एक जीव द्यायचा? आमच्या ट्युनिशियात गर्भ पाडायला नवऱ्याची सही लागत नाही. आमच्या केफ शहरातल्या दवाखान्यात गेले, मोकळी झाले.

मोकळी कसली, डोंबल! झोप उडाली. डोळ्यांत टिपूस येईना, नुसता संताप. एकदा माझी लेक हयाम खाण्यासाठी हट्ट करत होती, तर तिला अशी चपराक ठेवून दिली की पोरीच्या तोंडातून रक्त आलं. बाई गं! माझ्या खांद्याला लझारचाच हात फुटला होता. मी घाबरून परत दवाखाना गाठला.

फातूम नर्सनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मनाच्या डॉक्टरीणबाई गुरुवारी येतात, त्यांच्याशी बोलायचंच. आणि पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून काय हवं, ते तू ठरव."

"गोळ्या सासूला सापडतील. तांबीचा दोरा त्याला लागेल."

"मग दंडात औषधाची बारीक काडी बसवू. कातडीखाली असते, दिसत नाही."

दिसत नाही, खरंय. पण ईदच्या आधी बायकांच्या हमाममध्ये, सगळ्यांच्या न्हाणीत, सासू सुनेचं अंग स्वतः घासते, हे मी मेली कशी विसरले?

वाफेत तिचा खरखरीत हातमोजा माझ्या दंडावर थांबला.

"हे काय गं, दलेंदा?"

"गाठ आहे, आई."

"गाठ? अशी सरळ?" तिनं दाबून पाहिलं. "रांडे, माझ्या नातवाचं दार लावून घेतलंस!"

केस काढायचा वस्तरा शेजारीच पडला होता. गुडघा माझ्या छातीवर रोवून तिनं दंड चिरला. बायका ओरडत होत्या, पण पुढं एकही येईना. सटवीनं चिरेत बोट घातलं.

हाताला तांब्याचं तपेलं लागलं. ते मी तिच्या मनगटावर घातलं, हाड कडकन मोडलं. ती कोलमडली. मी पुन्हा तपेलं उचललं, या वेळी तिच्या डोक्यावर. मारणारच होते. देवाशपथ, ठार मारणार होते.

तेवढ्यात आमच्याबरोबर न्हायला आलेली हयाम दिसली. भिंतीशी उकिडवी बसून तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं. बघत होती ती माझ्याकडे, आजीकडे नाही.

मी तपेलं फेकून दिलं. दंडाला टॉवेल गुंडाळला, अंगावर झगा ओढला, पोरीला उचललं आणि हमामच्या मागच्या दारानं निघून दवाखाना गाठला, कारण पुढच्या दारात आम्हाला न्यायला आलेला लझार उभा होता.

फातूमनं टाके घालून दंड चाचपला. "आहे गं. जागेवर आहे."

मग मी रडले. पाडलेल्या पोरासाठी, हयामसाठी, भोकाड पसरून रडले. "ये ना माझ्याकडे," तिला म्हटलं.

हयाम आली. हळूहळू, एक हात डोक्यावर तसाच धरून.