वाईट प्रियकराची भूमिका

आमच्या गटात मी वाईट प्रियकर असते. चांगला प्रियकर व्हायला सगळेच तयार असतात, पण ओरडणारा, टोमणे मारणारा, दार आपटून जाणारा म्हटलं की मंडळी माझ्याकडे बघतात. त्याला कारण चर्च. ईस्टरच्या नाटकात येशूला शिक्षा देणाऱ्या पिलातचं काम करायला आमच्याकडे एकही पुरुष पुढे यायचा नाही, म्हणून वर्षानुवर्षं ते मीच केलं. मी भुवई वर करून हात धुतले की पहिल्या रांगेतली पोरं रडायला लागायची.

अमेरिकेत मेम्फिस शहरात माझं विगांचं दुकान आहे. दर गुरुवारी संध्याकाळी मागच्या खोलीत बर्नार्डचा गट भरतो. पुरुषांवर जीव टाकणारे आमचे काळे पुरुष, कुणी तरणे, कुणी टक्कल पडलेले. बर्नार्ड म्हणतो, एचआयव्ही कसा टाळायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आवडत्या माणसासमोर बसलं की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून आम्ही बोलण्याची तालीम करतो. समोर खुर्ची, खुर्चीत मी. माझा भाऊ लूशियस एड्सनं गेला त्या काळात त्याच्यासमोर अशी खुर्ची कुणी ठेवली नव्हती. मी या खुर्चीत बसते ती त्याच्यासाठी. नियम एकच, खोलीतलं खोलीत.

एका मंगळवारी दुपारी थॅडियस मागच्या खोलीत आला. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, रुमालालासुद्धा इस्त्री.

"मावशी, मला एकट्यालाच तालीम हवी. लोकांसमोर नको."

"एकटा कुठे? ही बघ केवढी मंडळी बसलीत," मी फळीवरच्या विग घातलेल्या प्लास्टिकच्या डोक्यांकडे बोट दाखवलं. तो हसला नाही.

त्याला एचआयव्ही होऊन बरीच वर्षं झाली होती. औषध एक दिवस चुकवत नाही, रक्तात विषाणू सापडूही नये इतका कमी, डॉक्टर सांगतात की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होणार नाही. हे सगळं त्याला स्तोत्रासारखं पाठ.

"मागच्याला सांगितलं, तर तो 'गाडीतून काहीतरी आणतो' म्हणून गेला. अजून आणतोय."

"आणि आताचा?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. "येडा आहे हो! पीचचा कॉब्लर, एवढा गोड भाजलेला पदार्थ, त्यावर तिखट सॉस ओततो. अजून आम्ही हात धरण्यापलीकडे गेलो नाही. शनिवारी दुपारी माझ्याकडे जेवायला येतोय. त्याला सांगायचं, नाहीतर येऊच नको म्हणून कळवायचं आणि संपवायचं. मधलं काही मला झेपणार नाही, मावशी."

मी बाह्या सरसावून खुर्चीत बसले. त्यानं अर्धं वाक्य म्हटलं आणि मी उठले, "इतके दिवस गप्प बसलास?" म्हणून खुर्चीच भिरकावली. तो दारापर्यंत पळाला.

"परत," मी म्हटलं.

परत. आणि परत. संध्याकाळी कधीतरी मी खुर्ची फेकली तरी तो जागचा हलला नाही. शेवटपर्यंत बोलला.

गुरुवारी मी गटासाठी कॉब्लर केला होता. विमानतळावर सामान चढवणारा कीनन आला, गरम कॉब्लरचा मोठा वाटा वाढून घेतला आणि खिशातून बाटली काढून त्यावर लालभडक सॉस ओतला.

माझा चमचा हवेतच राहिला.

"काय गं मावशी, भूत बघितलंस का?"

"कॉब्लरचा खून बघितला," मी म्हटलं.

त्या दिवशी तालमीला तोच पुढे आला. "मी रोज लागण टाळायची गोळी घेतो, ते त्याला सांगायचंय. आणि म्हणायचंय, दोघं मिळून तपासणी करू. पण तो एवढा सभ्य! म्हणेल, मला काय समजलास?"

मी नाक उडवलं, टोमणे मारले. तो छान उभा राहिला. मग मी दर वेळी, प्रत्येकाला विचारते तो प्रश्न विचारला. "आणि माझ्यातच एचआयव्ही निघाला तर?" फक्त त्या दिवशी तो प्रश्न पिलातच्या आवाजात निघाला नाही.

कीनन बाटली हातात फिरवत राहिला. "माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही." आणि टाळ्या वाजायच्या आत निघून गेला.

शुक्रवारी थॅडियसचा फोन. "मावशी, नाही जमत. येऊ नको म्हणून कळवतो त्याला."

माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू! पण सांगणार तरी काय? कीननचं उत्तर मलाच कुठे माहीत होतं? आणि माहीत असतं, तरी ते खोलीतलं होतं. मी जीभ आवरली. "मंगळवारी शेवटी तू जागचा हलला नाहीस ना? उद्याही हलू नकोस. एवढंच कर."

शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्या हातून नुसता गोंधळ. पास्टरच्या बायकोला करड्याऐवजी भडक लाल विग घातला, आणि बाईंना तो आवडला! त्या आरशात वळून वळून बघत असताना बाहेर गाडी थांबली. गाडीचं एक दार वाजलं. मग दुसरं.

थॅडियसचे डोळे सुजलेले होते. मागून कीनन, हातात कॉब्लरचं भांडं. पास्टरच्या बायकोला मी विग पिशवीत न घालताच बाहेर काढलं.

"ही? तुझाही वाईट प्रियकर म्हणजे ही?" कीनन ओरडला. "माझ्या नावानं खुर्ची फेकलीस म्हणे!"

"यानं नाही फेकली, मावशी," थॅडियस म्हणाला. "मी बोलतोय आणि हा आपली खुर्ची पुढे ओढतोय. मला वाटलं, ऐकू येत नाहीये याला. सगळं ऐकून म्हणतो काय, तुझी गोळी किती वाजता असते?"

"मग? मी माझी विसरतो ना! हा तालाचा पक्का. म्हटलं, दोघं एकदम घेऊ." कीनन माझ्याकडे वळला. "तुझ्या प्रश्नानं डोकं खाल्लं माझं. काल जाऊन नर्सचं डोकं खाल्लं. अर्धं उत्तर तिनं दिलं, उरलेलं याचं तोंड बघून मिळालं. सोमवारी माझी तपासणी, हा येतोय सोबत."

"आणि निरोध? बाकीचे रोग काय रजेवर गेलेत?"

दोन्ही बाप्ये माझी फरशी न्याहाळायला लागले. गल्ल्याशेजारच्या वाडग्यातून मूठभर उचलून मी कीननच्या खिशात कोंबले, सॉसच्या बाटलीशेजारी.

थॅडियसनं डोळे बारीक केले. "तुम्हाला माहीत होतं! दोघांचंही!"

"मला काय माहीत असणार? मी विग विकते."

ते हसत गाडीकडे गेले. मी दाराला कडी घातली, मागच्या खोलीत धावले आणि फळीवरच्या त्या सगळ्या डोक्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं सांगून टाकलं. खोलीतलं खोलीतच राहिलं.